वायर न जोडलेली डबी

मी आज जो काही आहे तो कुमुदबाई पाठक यांच्यामुळे आहे. पुढचा सगळा प्रकार त्यांच्या नातीच्या बाबतीत घडला, म्हणून हे आधीच लिहून टाकतो.

बाई कंधारला आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या. माझे वडील बसस्टँडवर हमाली करायचे. घरात सही करता येणारा पहिला माणूस मी. आमच्याकडे लाईट नव्हती, म्हणून बाईंनी मला त्यांच्या ओसरीवरच्या बल्बखाली बसून अभ्यास करायला सांगितलं. दहावीपर्यंत मी रोज संध्याकाळी तिथे बसलो आणि बहुतेक वेळा जेवूनच घरी गेलो. कविता शिकवताना बाईंचा एक ठरलेला प्रश्न असायचा — "अर्थ लागला का रे?" नाही म्हटलं तर त्या रागवत नसत. म्हणायच्या, "मग त्या ओळीपाशीच बस. लागल्यासारखं करू नको."

पुढे नांदेडला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला गेलो. पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी मशीनकडे बोट दाखवून विचारलं, "अर्थ लावला का?" आणि मला हसू फुटलं. आमच्या धंद्यात जमिनीत जाणाऱ्या त्या हिरव्या वायरला सगळे अर्थच म्हणतात. मशीनच्या अंगावर करंट आला तर तो माणसातून न जाता त्या वायरीने जमिनीत जातो. सुट्टीत बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या डोळ्यात पाणी येईपर्यंत हसल्या. "बघ, कुठंही जा, तुला अर्थच लावायचाय."

आता मुद्द्यावर येतो. भूत, करणी, अंगात येणं यातलं काही मी कधी मानलं नाही. लातूरकडचा भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. आम्ही मुलं औशाच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये तात्पुरती लाईट ओढायला गेलो होतो. तिथली माणसं मला काय काय सांगायची... ढिगाऱ्यातून हाका येतात, अंगणात कोणीतरी फिरतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण त्यांचं जे गेलं होतं ते खरं होतं. पण मला स्वतःला तिथे फक्त कुत्री आणि वारा ऐकू आला. इतर काही असेल असं मनातसुद्धा आलं नाही. म्हणून हे लिहिताना मला अवघडल्यासारखं होतंय.

नोकरीनिमित्त मी लातूरला स्थायिक झालो. एका लायसन्सवाल्या कंत्राटदाराकडे नव्या इमारतींच्या वायरिंगची टेस्टिंग करतो. तेव्हा लातुरात क्लासचा जोर इतका वाढला होता की गल्लीत उभं राहिलं तर चारी बाजूंनी निकालाचे बोर्ड आणि त्यावर मुलांचे फोटो. किनवटपासून उदगीरपर्यंतची मुलं अकरावी-बारावीला इथे येऊन राहायची. बाईंची नात ऋचा तशीच आली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं, "तिच्यावर लक्ष ठेव बाबा. तिकडं आमचं कोणी नाही." बाईंनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी दर रविवारी माझ्या बायकोने, सविताने, केलेला डबा घेऊन तिच्या हॉस्टेलवर जायला लागलो.

हॉस्टेलच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या लाल अक्षरात लिहिलेलं होतं — 'भूकंपरोधक'. मालकाला सगळे अण्णा म्हणत. अण्णा प्रत्येक पालकाला खांबावर थाप मारून दाखवायचा. "ह्यात लोखंड किती हाय इचारा. धरणी फाटली तरी पोरगी झोपेतून उठायची न्हाई." पालक मान डोलवायचे. भूकंपानंतर आमच्या भागात प्रत्येकाची नजर खांबाकडेच जाते. वायरीकडे कोणी बघत नाही.

आणि त्या भक्कम इमारतीच्या गच्चीवर अण्णाने पत्र्याची खोली चढवली होती. पत्रे भूकंपग्रस्तांच्या शेडचे, मदतीचा शिक्का अजून त्यावर दिसत होता. मेलेल्यांच्या गावातले पत्रे आणून त्याखाली त्याने प्लायवूडचे कप्पे पाडले आणि प्रत्येक कप्प्यात एक मुलगी ठेवली. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मला शिसारी आली. ऋचाचा कप्पा कोपऱ्यातला, पत्र्याला लागून. तिथला प्लग मी उघडून पाहिला. अर्थची हिरवी वायर होती, पण तिचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला गुंडाळलेलं. गज प्लायवूडमध्ये, आणि प्लायवूड कशातच नाही.

"दादा, इथं नळाला हात लावला की मुंग्या येतात," ऋचा म्हणाली. ती मला पहिल्यापासून दादा म्हणते. "पण आम्हाला जमतंय आता. चप्पल घालायची आणि कोरड्या टॉवेलनं नळ उघडायचा." ते तिने इतकं सहज सांगितलं, जणू मेसमध्ये ताट कुठून घ्यायचं हे सांगतेय.

जिन्याखाली काचेच्या दाराच्या पेटीत मेन बोर्ड होता. त्यात एक चांगली ईएलसीबी बसवलेली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — ही एक तळहाताएवढी डबी असते, तिला वर-खाली होणारा खटका असतो. जेवढा करंट आत गेला तेवढा परत आला का, हे ती सतत बघत असते. वाटेत कुठे थोडासा जरी भिंतीत, पत्र्यात, माणसात पळाला, की खटका पडतो आणि लाईट जाते. फ्यूजला ही गळती कळत नाही. फ्यूज फक्त भरमसाट करंट आला तरच जळतो. गळती मात्र पत्र्याला आणि लाकडाला आतल्या आत तापवत बसते, आणि एक दिवस आग लागते. आगीनंतर पेपरात छापून येतं — शॉर्टसर्किट. बहुतेक वेळा मूळ दुखणं ही गळतीच असते.

ती डबी सारखी पडायची. म्हणजे आपलं काम चोख करत होती. आणि यावरून अण्णाने पालकांची सभा बोलावली.

त्या सभेला ऋचाचा पालक म्हणून मी होतो. मी उभा राहून सगळं समजावून सांगितलं — डबी पडते याचा अर्थ कुठेतरी करंट गळतोय, गळती शोधा, गच्चीवरची वायर बदला, अर्थिंगचा खड्डा नीट करा. लोकांनी ऐकून घेतलं. मग उदगीरकडचे एक गृहस्थ उठले. माणूस सभ्य, कपडे परीटघडीचे. म्हणाले, "सर, तुमचं बरोबर असंल. पण परीक्षा तोंडावर हाय. लाईट जाऊन राहिली तर पोरींचं नुकसान कोण भरून देणार? ती डबीच काढून टाका की."

टाळ्या पडल्या. मी खोटं सांगत नाही, टाळ्या पडल्या. जन्मदात्या आईबापांनी हात वर करून ठराव केला की आमच्या मुलींच्या जिवावर नजर ठेवणारी वस्तू बंद करा, तिने अभ्यासात व्यत्यय येतो. अण्णाने लगेच वायरमन बोलावला. त्याने माझ्यासमोर डबीच्या वायरी सोडवल्या, एकमेकींना पीळ मारून जोडल्या, वर टेप गुंडाळली. आमच्याकडे याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. डबी नुसती शोभेला तिथेच राहिली, खटका वर करून ठेवलेला. अण्णाने पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली.

मी ऋचाला आमच्या घरी राहायला ये म्हटलं. ती तयार होईना. क्लास तिथून गल्लीच्या टोकाला, मैत्रिणी तिथे, अभ्यास तिथे. तिचे वडील — म्हणजे बाईंचा मुलगा — फोनवर म्हणाले, "बॅच चांगली आहे, कशाला हलवायची." बाईंना काय सांगायचं ते मला कळेना.

मग तो रविवार आला. दुपारची वेळ, लख्ख ऊन, गल्लीत शुकशुकाट. मी डबा घेऊन पोचलो. वॉचमन इस्माईलभाई टेबलफॅनसमोर बनियनवर बसले होते. वरच्या जिन्याच्या जाळीला बाहेरून कुलूप होतं. रविवारी 'सेल्फ स्टडी' असते, तेव्हा मुलींनी फिरू नये म्हणून वॉर्डनकाकू कुलूप घालून किल्ली घेऊन बाजारात जायच्या. माणसं गुरांनासुद्धा दावं बांधताना सुटेल अशी गाठ मारतात.

मी इस्माईलभाईंशी बोलत होतो आणि मला वास आला. धुराचा नाही — कुजक्या माशासारखा, नाकात चिकटणारा वास. आमच्या धंद्यातल्या माणसाला तो झोपेतही ओळखू येतो. वायरीवरचं आवरण तापलं की असा वास येतो. मी बाहेर धावत जाऊन वर बघितलं. गच्चीवरच्या पत्र्याच्या फटीतून पांढरी रेघ निघत होती.

मी ओरडलो. वरून कोणी ओ देईना. नंतर कळलं, बहुतेक मुली कानात कापूस घालून बसल्या होत्या. इस्माईलभाई दुसरी किल्ली मिळते का बघायला काकूंच्या खोलीकडे पळाले, आणि मी दारातली वीट उचलून मेन बोर्डापाशी आलो. काच फोडून मेन स्विच खाली ओढायचा, एवढंच डोक्यात होतं. वीट उचललेला हात अजून हवेत होता.

काचेपलीकडे त्या डबीचा खटका पडला.

टक् असा आवाज आला. मी तो ऐकला. आणि त्याच क्षणी इस्माईलभाईंचा टेबलफॅन मंदावत थांबला, पॅसेजमधली ट्यूब विझली. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मशीन मात्र घरघरत होती, म्हणजे गल्लीतली लाईट गेली नव्हती. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा — बरं झालं, कोणीतरी शहाणपणा करून वायर परत जोडलेली दिसते.

तीच वीट मी जाळीच्या कुलपावर घातली. किल्ली न मिळाल्याने इस्माईलभाई लोखंडी पहार घेऊन आले होते. आम्ही वर गेलो. मुली भांबावून बाहेर आल्या. ऋचाच्या कप्प्यात पत्र्याच्या भोकातून आलेली वायर पत्र्याच्या धारेने कापली गेली होती. सगळा पत्रा करंटने भरला होता आणि जिथे तो प्लायवूडला टेकत होता तिथे लाकूड आतून धुमसत होतं. ताटाएवढा काळा डाग, कडा अजून लाल. ऋचाच्या गादीचा कोपरा जळलेला. ती त्याच भिंतीला पाठ लावून बसली होती — तिच्या ओढणीला भोक पडलं होतं, तिला पत्ता नव्हता. करंट थांबल्यामुळे आग तेवढ्यावरच राहिली होती. आम्ही बादलीभर पाणी टाकलं आणि ती विझली. करंट चालू असता तर पाणी टाकणारे आम्हीच करंट लागून तिथे पडलो असतो.

अण्णा आला, हाशहुश करत. मी पेटी उघडायला लावली.

डबीला वायर जोडलेली नव्हती.

वरच्या दोन भोकांत धूळ होती. खालच्या भोकात कोळ्याचं जाळं होतं, अखंड. डायरेक्ट केलेल्या वायरी मागे तशाच, पीळ घट्ट, टेप शाबूत. मी टेस्टर लावला. मेन स्विचपर्यंत करंट. टेपच्या अलीकडे करंट. टेपच्या पलीकडे नाही. दोन इंच अखंड तांबं, आणि अलीकडे आहे ते पलीकडे नाही. मी टेप सोडून पाहिली, पीळ ओढून पाहिला. तांबं चकचकीत होतं, कुठे काळं पडलेलं नाही.

मग गच्चीवरची लाईन तोडून मी खटका वर केला. कशासाठी केला ते विचारू नका. पॅसेजमधली ट्यूब लागली, फॅन फिरायला लागला.

मी खटका हाताने खाली पाडला. ट्यूब चालूच. पुन्हा वर, पुन्हा खाली. काही फरक नाही, कारण फरक पडण्यासारखं तिथे काही नव्हतंच. जे झालं ते तेवढ्या एकदाच झालं. मी माझ्यापरीने सगळं तपासलं. जमीन हलून खटका पडला का म्हणून आजूबाजूला विचारलं. लातूरच्या माणसाला बारीक हादरासुद्धा कळतो, कोणाला काही कळलं नव्हतं. आणि खटका पडला असता तरी लाईट का जावी? डबी घरी नेऊन उघडून पाहतो म्हटलं, तर अण्णाने हात धरला. "हात लावू नका तिला."

इस्माईलभाई तेवढे माझ्या बाजूला उभे होते. हळूच म्हणाले, "साब, मी तर किल्ली हुडकून राहिलो होतो. अन् तुमचा हात बाहेर व्हता. मंग आत कोण व्हतं?" 

इथपर्यंतचं कोणाला पटो न पटो. पण मला हे लिहायला लावलं ते पुढच्या प्रकाराने.

पुढच्या रविवारी सकाळीच गेलो तर पेटीची काच पुसून चकचकीत, आत डबीला हळदकुंकू, खटक्याला झेंडूचा हार, वर लिंबू-मिरची. समोर चपलांचा ढीग. पालक आपापल्या मुलींना पुढे घालून पाया पडत होते. तेच उदगीरचे परीटघडीचे गृहस्थ नारळ घेऊन रांगेत होते. मला बघून त्यांनी हात जोडले, "सर, तुम्ही भाग्यवान. प्रत्यक्ष बघितलं." मी वीज खात्याकडे तक्रार दिली होती, त्यावरून तपासणीला आलेले गृहस्थसुद्धा बूट काढून उभे राहिले, आणि तीर्थ घेऊन गेले. नव्या वर्षाच्या प्रवेशासाठी अण्णाकडे आत्तापासून चिठ्ठ्या यायला लागल्या.

आणि वायर? तशीच, डायरेक्ट. गच्चीवर जळलेल्या जागी नवं प्लायवूड ठोकलेलं, भोकातून तीच वायर, वर टेप.

मी अण्णाला बाजूला घेतलं. म्हटलं, पूजा करायची ती करा, पण तिला वायर जोडा. तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "सर, तुम्ही शिकल्यालं हाव, पण सांगतो ते ऐका. वायर जोडली की ती पहिल्यासारखी सारखी पडंल. आता कसं, लागंल तेव्हाच पडती."

 मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो. ज्या वस्तूने मुली वाचवल्या — कशा वाचवल्या ते देव जाणे, म्हणजे तसा शब्द वापरायची माझ्यावर वेळ आली — तिला तिचं साधं रोजचं काम ही माणसं करू देईनात. चमत्कार चालतो, चार हात वायर चालत नाही.

ऋचा माझ्यामागे खाली आली होती. म्हणाली, "दादा, आजीला सांगू नका ना. ती मला कंधारला परत नेईल. मग माझं मेडिकल संपलं."

"तू इथे राहिलीस तर?"

 ती नकळत ओढणीचं भोक बोटाने चाचपत राहिली.

मंडळी, मी आजपर्यंत खूप जणांना हा प्रकार सांगितला. इंजिनिअर मित्रांनी नाना कारणं सुचवली, एकही त्या टेपच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन इंचांना लागू पडत नाही. माझ्याकडे खुलासा नाही. त्याच रविवारी संध्याकाळी मी बाईंना पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे नाही, पण ते मला पाठ आहे.

*

ती. बाईंना सा. न.

ऋचाने सांगू नका म्हटलं होतं, तरी सांगतो. तिच्या हॉस्टेलमध्ये आग लागली होती. ती सुखरूप आहे, तिला काही झालेलं नाही. आग ज्या कारणाने लागली ते मला नक्की माहीत आहे आणि ते कारण तिथे अजून तसंच आहे. आग ज्या कारणाने थांबली ते मला माहीत नाही. तुम्ही विचाराल म्हणून लिहितो — अर्थ लागलेला नाही, आणि लागल्यासारखं मी करणार नाही. त्या ओळीपाशी मी बसून आहे. पण बाकीचे सगळे त्या ओळीला हार घालून पुढे गेलेत. त्यांच्यात ऋचाला ठेवायची माझी तयारी नाही.

तिला कंधारला नेऊ नका. तिला डॉक्टर होऊ द्या. आज तिचं सामान मी आमच्या घरी आणलं. तुमच्या मुलाला विचारलं नाही, तुम्हालाही न विचारता आणलं, त्याबद्दल रागवा. क्लासला मी सकाळी स्कूटरवर सोडीन.

आमच्या ओसरीवरची खोली तिला दिली आहे. दुपारभर खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून, पाणी घालून तिच्या प्लगला नवा अर्थ लावला. डबी बसवली आणि तिला वायर जोडली. तिच्यावरचं तपासणीचं बटण दाबून पाहिलं, खटका पडतो. नळाला ओला हात लावून पाहिला. मुंग्या येत नाहीत.

आत्ता ती बल्बखाली वाचत बसली आहे. जेवून झोपेल.

तुमचा,
बाबुराव